सरकून दिलेली जागा

सकाळचे ऊन या खोलीत सरळ येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर पडते, तेथून उसळून झरोक्याच्या जाळीवर येते आणि जाळीतून गाळले जाऊन, बारीक चौकटींचे होऊन भिंतीवर उतरते. प्रथम त्याला रंग नसतो. भिंतीवरची ओल तेवढी थोडी उजळ दिसू लागते. मग त्यात फिकट पिवळेपणा मिसळतो आणि ऊन खाली सरकू लागते. मोडक्या खाटेच्या कांबीवर ते क्षणभर थांबते, एका पायाने लंगड्या झालेल्या स्टुलावर टेकते, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांवरून एकेक पायरी उतरावे तसे उतरते. त्याच्या वाटेत धूळ तरंगत असते. एरवी तिला कोणी विचारत नाही, पण तेवढ्या वेळेपुरती तीही देखणी दिसते. शेवटी ऊन माझ्या काचेवर येते. माझ्या काचेवर आता आकडे उमटत नाहीत, त्यामुळे ते तेथे निवांत बसते. आणि मग कोणाचाही निरोप न घेता निघून जाते.

मित्रांनो, मी एक जुने डायलिसिसचे यंत्र आहे. उंचीने साधारण तुमच्या वर्गातल्या सर्वांत उंच मुलाएवढा, खाली चार चाके, त्यातले एक कायम कुरकुरणारे. माझे काम ऐकून तुम्हाला थोडे भय वाटेल, पण त्यात भिण्यासारखे काही नाही. तुमच्या पाठीत, बरगड्यांच्या खाली, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती अखंड तुमचे रक्त धूत असतात आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाहीत. एखाद्याची ती दोन्ही थकली, की रक्तातला मळ आणि अंगातले जास्तीचे पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते. अशा माणसाचे रक्त मी एका नळीतून घेतो, केसाहून बारीक अशा धाग्यांच्या गाळणीतून धुतो आणि दुसऱ्या नळीतून त्याचे त्याला परत करतो. हे काम घाईने होत नाही. त्याला चार तास लागतात. कपडे नुसते खळबळून काढणे वेगळे आणि धुणे वेगळे, हे तुमच्या घरी ज्यांच्या हाताला साबण लागतो त्यांना विचारा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्या काळातले मला फारसे आठवत नाही; पांढरे हातमोजे घातलेले कोणाचे तरी हात आणि माझ्या नळ्यांतून पहिल्यांदा वाहिलेले स्वच्छ पाणी, एवढेच. मग मला खोक्यात बंद केले, आणि खोके उघडले तेव्हा मी एका सरकारी रुग्णालयाच्या दारात होतो.

त्या दिवशी रुग्णालयाची दर्शनी भिंत रंगवली जात होती. शिडीवर उभा राहून एक पेंटर निळ्या रंगात मोठी अक्षरे काढत होता : ‘आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क आहे.’ मला आत नेण्यासाठी त्याला शिडी बाजूला घ्यावी लागली. तो खाली उतरला, हात पुसत माझ्या खोक्याकडे पाहत म्हणाला, “काय आहे हो यात?”

“रक्त धुवायचं मशीन,” हमाल म्हणाला.

“बरं आहे. त्याची नि आपली गाठ न पडो म्हणजे झालं,” पेंटर हसून म्हणाला आणि ‘हक्क’ या शब्दातल्या जोडाक्षराकडे परत वळला. ते अक्षर त्याने फार मन लावून काढले होते.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. माझ्या काचेवर फुलांचा हार घातला गेला. पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्र काढून घेतले, आणि मला चालू करायचे बटण कोठे आहे, हे शेजाऱ्याला हळूच विचारले. भाषणात ते म्हणाले, की आता या भागातल्या एकाही माणसाला उपचारांवाचून परत जावे लागणार नाही. मी नवा होतो, मित्रांनो. मला ते खरे वाटले.

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे भाऊ म्हणत. तो रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत असे, माझ्या नळ्या जंतुनाशकाने धूत असे आणि काम सुरू करण्याआधी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत असे, “चला साहेब, दुकान उघडा.” बाकीचे दिवस निरनिराळ्या रुग्णांचे होते, पण मला ज्यांच्याबद्दल सांगायचे आहे ते तिघे आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, पाठोपाठ येत. सकाळी मामा, दुपारी काकू, संध्याकाळी रखवालदार.

मामांनी सारे आयुष्य ट्रक चालवला होता. सुया टोचताना ते हात असा पुढे करत, जणू खिडकीतून मागच्या गाडीला साईड देत आहेत. काकू कपडे शिवत. त्यांची जीभ त्यांच्या कात्रीहून धारदार होती. रखवालदार फारसे बोलत नसत. त्यांनी उभ्या आयुष्यात एवढे बंद दरवाजे राखले होते, की तोंडही बंद ठेवायची सवय लागली होती, असे काकू म्हणत.

या माणसांना पाणी मोजून प्यावे लागते. तहान लागली, की भाऊ बर्फाचा एकेक खडा देई. मामा तो गालात धरून बसत आणि डोळे मिटून म्हणत, “आता घाट लागला. आता झरा लागला. थांब, गाडी बाजूला घेतो.” त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या मामी, पायाशी बसून म्हणत, “गाडी बाजूला घ्या, नाही तर गप्पा बाजूला घ्या. भाऊला काम करू द्या.” खोलीत हसू पसरे. यंत्राला हसता येत नाही, पण माझा पंप अशा वेळी अधिक गोलाईने फिरतो, असे मला वाटत असे. ती माझ्या उमेदीची वर्षे होती. डॉक्टरबाई पाहुण्यांना खोली दाखवायला आणत आणि म्हणत, “हे आमचं भूषण.” मला ते ऐकायला आवडे.

मग एके दिवशी पेंटर दारात उभा राहिला.

या वेळी त्याच्या हातात ब्रश नव्हता, मुलीचा दंड होता. मुलगी बेकरीत कामाला होती. चेहरा सुजलेला, ओठ फिकट, आणि केसांत राहून गेलेले पीठ. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. डॉक्टरबाईंनी तपासून नाव लिहून घेतले आणि म्हणाल्या, “यंत्र एकच आहे. सगळ्या पाळ्या भरलेल्या आहेत. जागा झाली की कळवू.”

“जागा कधी होते?” पेंटरने विचारले.

डॉक्टरबाई टेबलावरची लेखणी उगाचच सरळ करत राहिल्या.

बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांनी त्याला दुपारपर्यंत ते समजावले असावे. या आजाराची माणसे बरी होऊन घरी जात नाहीत, मित्रांनो. ती येत राहतात. या खोलीत जागा एकाच रीतीने रिकामी होते.

त्यानंतर पेंटर रोज येऊ लागला. मुलीला तो एका खासगी केंद्रात जमेल तसे नेत असे, आणि जमणे दिवसेंदिवस आक्रसत चालले होते. आमच्याकडे आला, की तो बाकावर बसे आणि आतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, “मामा कसे आहेत? काकूंचं बरं चाललंय ना?” प्रथम सगळ्यांना ते माणुसकीचे वाटले. मग एकदा काकू दारात थांबून म्हणाल्या, “पेंटर, आमच्या तब्येतीची फार चौकशी करता हो. आम्ही ठणठणीत आहोत. वाईट वाटून घेऊ नका.”

पेंटरच्या चेहऱ्यावरचा रंग खरवडून काढावा तसा उतरला. आपण काय विचारत होतो, हे त्याला त्या क्षणी कळले. तो उठला आणि निघून गेला. चार दिवस फिरकला नाही. काकू मात्र त्या दिवशी खुर्चीवर पडल्या पडल्या छताकडे पाहत राहिल्या आणि भाऊला म्हणाल्या, “माझी जीभ एक दिवस कापून ठेव रे तुझ्या त्या कपाटात.”

पाचव्या दिवशी पेंटर आला तो एका तरुण वकीलताईंना घेऊन. दावा साधा होता. राज्यघटना प्रत्येकाला जगण्याचा हक्क देते. माझ्या मुलीचे जगणे या यंत्रावर अवलंबून आहे. तेव्हा हे उपचार देणे सरकारला बंधनकारक आहे की नाही, ते सांगा. आणि नसेल, तर भिंतीवरचे वाक्य मला पुसू द्या, कारण ते माझ्या हाताने लिहिले गेले आहे.

तारखा पडू लागल्या. प्रत्येक तारखेनंतर पेंटर खोलीत येऊन, मामांच्या पायाशी स्टूल ओढून, सगळी हकीकत सांगत असे.

“सरकारी वकील म्हणतात, घटनेत जगण्याचा हक्क आहे, पण दवाखान्याचा शब्द हक्कांच्या प्रकरणात नाही. आरोग्य हे सरकारनं गाठायचं ध्येय आहे. ध्येयाकडे वाटचाल करायची असते. ते कुणाला कोर्टात येऊन मागता येत नाही.”

“म्हणजे गाडी माझी,” मामा म्हणाले, “पण डिझेल भरायचं की नाही ते मालक ठरवणार.”

“तसंच काहीसं.”

“मग ती गाडी काय नुसती पुसत बसायची?”

“न्यायाधीशांनी मला विचारलं, भिंतीवर हे कुणी लिहिलं? म्हटलं, मी. कुणाच्या सांगण्यावरून? म्हटलं, तुमच्याच, म्हणजे सरकारच्या. तर सरकारी वकील म्हणाले, ती घोषणा आहे, आश्वासन नव्हे.”

“हे बरंय,” काकू आपली पाळी यायची वाट पाहत म्हणाल्या. “उद्या मी गिऱ्हाइकाला सांगते, झंपर शिवून देते म्हणाले ती घोषणा होती.”

हसणे झाले. पण हसून झाल्यावर सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या, कारण मुलगी तेथे भिंतीला टेकून बसली होती आणि तिला धाप लागली होती. पायातल्या चपला तिने काढून ठेवल्या होत्या. सूज एवढी होती, की त्या पायात मावत नव्हत्या. पेंटर तिकडे पाहायचे टाळत होता. निकाल कधी लागेल, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

मामांनी गालातला बर्फ गिळला आणि भाऊला हाक मारली.

“भाऊ, माझ्या चार तासांतला एक तास हिला देता येईल का?”

“मामा, हे काही एसटीतलं बाकडं नाही, जरा सरका म्हणायला.”

“तेच तर म्हणतोय. तिघांच्या बाकावर चौथा बसतोच की. आयुष्यभर पाहिलंय. जरा आवळून बसायचं, एवढंच.”

“चार तास लागतात म्हणजे चारच लागतात. कमी केलं, की आत साठत राहतं.”

“किती दिवसांचा प्रश्न आहे? निकाल लागेपर्यंतचा. काकू, तुम्ही काय म्हणता?”

काकूंनी मुलीकडे पाहिले. “माझाही घे एक तास. नाही तरी चौथ्या तासाला मला तुझ्या गप्पा ऐकवत नाहीत.”

संध्याकाळी आल्यावर विचारले, तेव्हा रखवालदारांनी फक्त मान हलवली. त्यांच्या भाषेत ते पुष्कळ बोलणे होते.

आजवर मी तीन माणसे पाहिली होती, ती एकाच बाकावर बसलेली आहेत, हे मला त्या दिवशी कळले. मित्रांनो, अशी चूक फार प्रेमळ माणसेच करू शकतात. बाकावर सरकून बसले, की अंग थोडे अवघडते. उतरल्यावर झटकून टाकता येते. रक्ताचे तसे नसते. भाऊला ते ठाऊक होते. त्याने दोन दिवस कानांवर हात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी मुलीचे ओठ निळे पडलेले पाहून निमूटपणे सुयांची पाकिटे उघडू लागला. डॉक्टरबाईंना कोणी काही सांगितले नाही. पण त्या दिवसांपासून त्या खोलीत येण्याआधी दाराबाहेर उभ्या राहून मोठ्याने खोकत आणि मगच आत येत.

मुलीच्या चेहऱ्यावरची सूज उतरू लागली. तिचे रक्त माझ्यातून पहिल्यांदा गेले तेव्हा ते इतके मळलेले होते, की मला भीती वाटली. हळूहळू ते निवळत गेले. ती बोलकी निघाली. मामांना “मामा, आज कुठे पोचलो?” असे विचारी, आणि मामा डोळे मिटून एखाद्या काल्पनिक वळणावरचा धाबा, टायर बदलताना दिसलेला सूर्य, असे काहीबाही सांगत. पेंटर बाकावरून आत आला. आता तो तब्येतीची चौकशी न करता नुसता बसे आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांवर रंगाने नावे काढून देई. मामांच्या बाटलीवर त्याने ‘हॉर्न प्लीज’ लिहिले.

पुढच्या तारखेला मात्र सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितले, की मुलीला उपचार मिळत आहेत, सबब तक्रार उरत नाही. आणि एक यंत्र दिवसाला चौघांना पुरते, हे रुग्णांनीच सिद्ध केले आहे.

पेंटरने हे खोलीत येऊन सांगितले.

“आपण साईड दिली,” मामा म्हणाले, “आणि त्यांनी सांगितलं, रस्ताच रुंद आहे.”

“मी उद्यापासून पोरीला आणत नाही,” पेंटर म्हणाला. “तुम्ही तुमचे चार तास घ्या. केसही वाचेल.”

“केस कागदावर चालते, पेंटर. पोर पायांवर चालते. गपचूप आणायची.”

माझ्याकडे अनेक घंटा आहेत. नळीत हवेचा बुडबुडा आला, की एक वाजते. दाब वाढला की दुसरी, पाणी संपले की तिसरी. पण वेळ कमी पडतो आहे, हे सांगणारी घंटा मला कोणी बसवली नव्हती. चौघांचेही रक्त अर्धवट धुतले जात होते. तरुण अंग ते सोसत होते. काकू आणि रखवालदार दात आवळून सोसत होते. मामांचे वय झाले होते. त्यांच्या पायांवर बोट दाबले, की खळगा तसाच राहू लागला. ते म्हणत, “बूट घट्ट झालेत. मोज्यांनी भांडण काढलेलं दिसतंय.” रात्री त्यांना आडवे होता येईनासे झाले. मामींनी ते भाऊला सांगितले तेव्हा मामा मध्येच म्हणाले, “अगं, ड्रायव्हर माणूस मी. बसूनच झोपतो.”

भाऊने त्यांचे वजन केले आणि आकडा पाहून म्हणाला, “मामा, आजपासून तुमचे चार तास. मी काही ऐकणार नाही.”

मुलगी दारातच उभी होती. “हो मामा. माझा तास परत घ्या.”

“एकदा दिलेली साईड परत घेत नसतात, पोरी. मागचा गोंधळतो. निकाल पुढच्या आठवड्यात आहे ना? मग.” आणि त्यांनी हात पुढे केला. त्या दिवशी भाऊला शीर सापडायला फार वेळ लागला.

पुढच्या पाळीला भाऊने मला नेहमीप्रमाणे पुसले, नळ्या भरल्या, पाणी फिरवून ठेवले. मामा आले नाहीत. मी नुसताच फिरत राहिलो. मग फोन आला. भाऊने तो ऐकला, खाली ठेवला आणि माझा पंप बंद केला. पेंटर तेवढ्यात दारात आला होता. मुलगी अजून जिन्यावर होती. भाऊने त्याला दोन शब्दांत सांगितले. पेंटर दाराची चौकट धरून उभा राहिला. खाली मुलीच्या पावलांचा आवाज येऊ लागला तसा तो घाईघाईने म्हणाला, “तिला सांगू नका. निकाल तोंडावर आलाय. आत्ता नको.”

तिला सांगण्यात आले, की मामा मोठ्या शहरात लेकीकडे गेले आहेत. तेथे मोठे रुग्णालय आहे. काकूंनी काळजावर दगड ठेवून त्याला मान डोलावली.

आणि त्याच आठवड्यात निकाल लागला. पेंटर जिंकला.

न्यायाधीशांनी म्हटले होते, की श्वास चालू ठेवण्यापुरते जगणे म्हणजे जगण्याचा हक्क नव्हे. जीव वाचवणारे उपचार त्या हक्काच्या आतच येतात. पैसा नाही, साधने नाहीत, ही सबब सरकारला सांगता येणार नाही. मुलीला विनाविलंब पूर्ण वेळेची जागा द्यावी, आणि गरजेएवढी यंत्रे आणावीत. वकीलताईंनी ते खोलीत मोठ्याने वाचून दाखवले. भाऊने डोळे पुसले. रखवालदार दुपारीच येऊन उभे होते. त्यांनी पेंटरच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात मी ऐकलेले ते सर्वांत सुंदर वाचन होते, आणि सकाळची खुर्ची रिकामी होती.

मुलीला सकाळची पाळी मिळाली. पूर्ण चार तास. पेंटरने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवले आणि म्हणाला, “बघ. कोर्टाने दिली तुला जागा. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची मेहेरबानी नाही.” हे तो तिला सांगत होता, जिन्यात भेटणाऱ्यांना सांगत होता, दुकानाच्या पाट्या रंगवताना गिऱ्हाइकांना सांगत होता. पुढे पुढे तो ते अशा स्वरात सांगू लागला, की मला वाटे, त्याला स्वतःलाही ते खरे वाटते आहे. काकू एकदा त्याला बाहेर गाठून म्हणाल्या, “पेंटर, रंगाचे किती हात माराल? भिंत आतून ओली आहे.” त्याने ऐकू न आल्यासारखे केले.

रुग्णालयाने वर कळवून टाकले, की आदेशाचे पालन झाले, जागा दिली. जागा होती म्हणून दिली गेली, हे त्यात नव्हते. नवे यंत्र येण्याचे घोंगडे भिजत पडले. आणि बाहेरच्या बाकावर आता एक नवी बाई बसू लागली. तिच्या नवऱ्याचे नाव नोंदवून घेतले होते. ती मोठी मायाळू होती. पेंटर दिसला, की ती उठून विचारी, “तुमची मुलगी कशी आहे हो? बरी आहे ना?”

पहिल्यांदा तिने विचारले तेव्हा पेंटर जागच्या जागी थिजला. नंतर तो दुसऱ्या जिन्याने येऊ लागला.

मित्रांनो, शेवटचे सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणे मागतो. मला पुसा, माझ्यावर फडके टाका, असे मी म्हणणार नाही. जुन्या यंत्राला धुळीचा राग येत नाही. तुम्ही मोठे व्हाल. कोणी न्यायाधीश होईल, कोणी खुर्चीत बसून खरेदीच्या कागदावर सही करील, कोणी नुसता बाकावर बसेल. हक्क आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळवायला एका बापाने आयुष्य पणाला लावले, आणि उत्तर ‘आहे’ असे मिळाले. ते उत्तर जपा. फार महागात पडलेले आहे. पण उत्तर मिळाल्यावर घरी जाऊ नका. खोलीत डोकावून पाहा. यंत्रे किती आहेत, ते स्वतः मोजा. चांगल्या माणसांना एकमेकांसाठी सरकायला लावून ज्यांचा कारभार चालतो, त्यांना ‘पुरते आहे’ असे म्हणू देऊ नका. आणि कोणी तुम्हाला सरकून जागा दिली, तर त्याचे कोठे काय दुखते आहे, ते त्याला विचारा.

आता राहिले ते सांगतो.

एका सकाळी मुलगी माझ्यावर होती. तिचे रक्त माझ्यातून संथ चालले होते. पेंटर तिच्या पायाशी बसला होता. वकीलताई आल्या. त्यांना पुन्हा कोर्टासमोर उभे राहायचे होते.

“दादा, सरकार म्हणतंय, आदेश पाळला गेला आहे, आता यंत्रांचा विषय बंद करा,” त्या म्हणाल्या. “कोर्ट मला विचारील. निकालानंतर तुमच्या मुलीला जागा कशी मिळाली?”

“कशी म्हणजे? निकालानेच मिळाली.”

“तसंच सांगू ना?”

“तसंच सांगा.”

भाऊ माझ्या मागे उभा होता. त्याने फडके हातात घट्ट आवळलेले मला जाणवले. वकीलताई वळल्या, तोच दारात मामी दिसल्या. त्यांच्या हातात काही नव्हते. त्या आत येऊन दोन पावलांवर थांबल्या आणि खुर्चीकडे पाहत राहिल्या.

“मामी, तुम्ही?” भाऊ पुढे झाला.

“काही काम नाही रे,” मामी म्हणाल्या. “आज त्यांचा दिवस ना. सकाळी उठले, आवरलं, बसमध्ये बसले. इथं उतरल्यावर लक्षात आलं.”

मुलीने उशीवरून मान वर केली. तिचा चेहरा उजळला. “मामी, मामा कसे आहेत तिकडे? लेकीकडे करमतं का त्यांना? मला चार तास मिळाले, ते सांगितलंत ना?”

मामींनी पेंटरकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. असता, तर कदाचित त्याला पुन्हा खोटे बोलता आले असते. त्या त्याच्या वतीने गप्प राहायला तयार होत्या. यजमान गेल्यावरही सरकून जागा देण्याची त्या घराची सवय गेली नव्हती.

पेंटर उठला. वकीलताईंकडे पाहून त्याने हात हलवला, जणू एखादी चुकलेली ओळ पुसून टाकत आहे.

“ताई, तसं सांगू नका.”

मग तो मुलीच्या जवळ गेला, ज्याला सुई लावली नव्हती तो तिचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाला,

“पोरी, ही जागा निकालानं मिळालेली नाही. मामा वारले, म्हणून मिळाली.”